उत्तरेचा दोर

१

रापणीचं एक बरं असतं. तुमच्या घरात काय झालंय याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. पहाटे होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, मोठ्ठा अर्धगोल मारून परत येते, जाळ्याचे दोन दोर वाळूत येऊन पडतात, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. मग काय, ओढा. तोंड समुद्राकडे, पाऊल मागे. ओढत ओढत माणूस वर माडांपर्यंत पोचला की दोर सोडतो, धावत खाली येतो आणि पुन्हा पाण्याशी पहिला हात धरतो. सगळे असेच फिरत राहतात, रहाटाच्या लोट्यांसारखे. आणि नियम एकच. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. मग तो गावचा असो नाहीतर रस्त्याने चाललेला असो.

म्हणूनच सेजलने त्या सकाळी दोर धरला. वाटा हवा होता म्हणून नव्हे हां. नुसतं बसून समुद्राकडे बघणं आता तिच्याने होत नव्हतं.

सेजल वास्कोची. घरात नळ, खाली बसस्टॉप, बाबा बंदरात क्रेनवर. तिला मासा माहीत होता तो ताटातला. पण तिचा धाकटा भाऊ रुद्रेश एका फोटो स्टुडिओत कामाला होता, आणि कुठल्यातरी हॉटेलवाल्यांना पेडण्याच्या किनाऱ्याचे वरून फोटो हवे होते. गोवा राज्य होऊन पहिलीच थंडी. ज्याला त्याला वाटत होतं की आता इथे काहीतरी बांधलंच पाहिजे. दोन माणसांचं छोटं विमान, चालवणारे कॅप्टन गोकुळदास. रुद्रेशचं आठवडाभर घरात कॅप्टन पुराण चाललं होतं. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, पांढरे केस, आणि माहितीय का सेजू, ते वेंगुर्ल्याकडचे आहेत, लहानपणी रापण ओढायचे, म्हणतात वरून रापण दिसली तर तुला दाखवतो, चंद्रकोरीसारखी दिसते.

दिसली. तांबळवेळ नावाच्या या एवढ्याशा किनाऱ्यावर, चार दिवसांपूर्वी. विमान इतकं खाली आलं की माडाची चुडतं सळसळली. खिडकीतून एक हात बाहेर आला, हलला. दोन्ही दोरांवरच्या माणसांनी एकेक हात सोडून उलट हात हलवले, आणि दोर सोडला म्हणून तांडेलाच्या, रापणीच्या म्होरक्याच्या, शिव्या खाल्ल्या. मग विमान वळलं. उत्तरेला डोंगर थेट समुद्रात उतरतो, तिथून धुक्याचा एक लोट पुढे सरकला होता. विमान त्यात शिरलं. पाण्यावर ओलं कापड आपटावं तसा आवाज आला, आणि नंतर काहीच नाही.

बोटी आल्या, पोलीस आले. एक चाक मिळालं, एक दार मिळालं. दोन्ही दक्षिणेला. या दिवसांत इथलं पाणी सगळं दक्षिणेला नेतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यामुळे बोटीही शोधत शोधत मोरजीकडे गेल्या त्या गेल्याच. पोलिसांनी बंद ठेवलेली रापण आज सुरू झाली होती.

सेजलला उत्तरेच्या दोरावर लावलं. त्यालाही कारण होतं. प्रत्येक घर आपल्या वाड्याच्या बाजूचा दोर धरतं. घर दक्षिणेला तर दक्षिणेचा. पण उत्तरेला वाडाच नाही, नुसता डोंगर आणि खडप, काळा खडक. म्हणून तो दोर उपऱ्यांचा. बाहेरचं कोणी आलं की तिकडे. तिच्या मागे केरबा होता, चंदगडचा, वरच्या रस्त्यावर एका बंगल्याच्या बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली. कामावर जायच्या आधी दोर ओढून कालवणाची सोय करायचा.

"ताई, पाय रुतवा वाळूत," तो म्हणाला. "नुसतं हातानं वडलासा तर उद्या येणी घालाया हात वर जायाचा न्हाई."

चार दिवसांत तिला कोणी असं साधं, कामाचं काही बोललं नव्हतं. तिने पाय रुतवले.

२

धुकं होतं. समोरच्याची फक्त पाठ दिसायची. त्याच्या समोरच्याची नुसती सावली.

तिची पाळी तिसऱ्यांदा पाण्याशी आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की तिच्याही पुढे कोणीतरी आहे. कमरेएवढ्या पाण्यात. पांढरा शर्ट. ओढत होता, पण मागे येत नव्हता. सगळे वर जात होते, खाली येत होते, आणि हा तिथेच. तिला वाटलं, असेल कोणी दांडगा गडी, किंवा कामचुकार, वर चढायला नको म्हणून. शहरातल्या रांगेत असतात तसे इथेही असणारच की.

जाळं वर आलं. बांगडे, तारले, मधेच एखादा लेपो. तांडेल रामचंद्र, गावचा रामदा, वाट्यांचे ढीग मांडायला लागला. मराठीच्या सभेत घसा फोडून आलेला माणूस, पण चिडला की कोंकणीतच चिडायचा, आणि वाटे मांडताना तो हमखास चिडायचा.

मग खुणा. ही इथली रीत. प्रत्येकाने आपली एक वस्तू द्यायची. शिंपला, बटण, किल्ली, काहीही. त्या सगळ्या एका रोवळीत गोळा करायच्या आणि ज्याला कुणाची खूण कुठली हे माहीत नाही, अशा माणसाने एकेका ढिगावर एकेक ठेवायची. म्हणजे मोठा ढीग कुणाला, छोटा कुणाला, यात कुणाचा हात नाही. सेजलइतकं अनोळखी तिथे कोण होतं? रामदाने रोवळी तिच्या हातात दिली.

सेजल ज्यांच्याकडे उतरली होती त्या गंगामावशीने दोन खुणा टाकल्या. एक स्वतःची बांगडी, आणि एक चुन्याची डबी. ती डबी तिच्या नवऱ्याची, सगुणची. तो तापाने घरी पडून होता. घरचा माणूस आजारी असला तर त्याच्या नावाने दुसऱ्याने दोर ओढायचा, त्याची खूण टाकायची, त्याला वाटा घरपोच. गंगामावशीने दुप्पट ओढलं होतं, कुणी काही म्हटलं नाही.

सेजल ढिगांवरून चालत गेली. किल्ली, शिंपला, बांगडी, विडीचं बंडल. सगळ्या खुणा माणसांच्या कनवटीतून आलेल्या, कोरड्या, उबदार. ढीग संपले. तिच्या मुठीत एक खूण उरली.

ओली. थंडगार.

तिने मूठ उघडली. काळं गोल झाकण होतं, कॅमेऱ्याच्या भिंगाचं. कडेला भोक पाडून त्यात लाल रिबीन ओवलेली. ती रिबीन तिची शाळेतली. रुद्रेशने दोन झाकणं हरवल्यावर तिनेच वैतागून बांधून दिली होती, गाठ मारताना दात लावून.

आधी सगळे केरबावर घसरले. घाटी माणूस, दोन खुणा टाकल्या असतील. केरबा शांतपणे म्हणाला की मला दोन वाटे घेऊन काय करायचे, शिजवायला भांडं एकच आहे. मग कुणीतरी सेजलचं तोंड पाहिलं, आणि केरबाला सोडून सगळे तिच्या मुठीकडे बघायला लागले.

रामदाने खाकरून सांगितलं की जाळ्यातून आलं असेल, माशांबरोबर, आणि रोवळीत पडलं असेल. सेजलने मान हलवली. बरोबरच आहे. समुद्रात पडलेली वस्तू जाळ्यात येणार नाही तर कुठे येणार? पण बायकांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तिला कळली. समुद्र माणसाची वस्तू परत देतो तेव्हा माणूस ठेवून घेतलेला असतो.

३

गंगामावशीच्या घराला शिंपल्यांच्या तावदानांचं जनेल, म्हणजे खिडकी, होतं, जुनं, दुधट उजेडाचं. सेजलने झाकण त्या जनेलाच्या फळीवर ठेवलं, ओढणीने कोरडं करून. आत सगुण तापात कण्हत होता. मावशी पेज ढवळत होती. पदेर सायकलवरून पाव देऊन गेला. सगळं अगदी साधं, कुठल्याही घरातल्यासारखं.

टप्.

तिने वर बघितलं. कौलं कोरडी. महिनोन्‌महिने पाऊस नाही. घागर दुसऱ्या टोकाला.

टप्.

झाकण ओलं होतं. फळीवरून पाणी ओघळून खाली शेणाच्या जमिनीवर पडत होतं. तिने पुन्हा पुसलं. मिठाचं पाणी आहे, तिने स्वतःला समजावलं, मीठ हवेतलं पाणी ओढतं, नववीला शिकलोय आपण. डबीतलं मीठ नाही का पावसाळ्यात भिजत. हा पावसाळा नव्हता हे तिला आठवलं, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही. माणूस घाबरला की बरोबर तेवढंच विसरतो.

दुपारी पोस्टात जाऊन तिने घरी शेजाऱ्यांकडे फोन लावला. बाबा आले. बाबांचा आवाज क्रेनवरून ओरडून ओरडून कमावलेला, पण त्या दिवशी तो ऐकूच येईना. आई जेवत नाही म्हणाले. उद्याच्या बसने येतो, धारगळला उतरून पुढे कसंही करून येतो, तू सामान भरून ठेव. आता तिथे बसून काय होणार? भटजींशी बोललो आहे. शरीर मिळालं नाही तर दर्भाचं करतात.

सेजलने फोन ठेवला. म्हणजे उद्या दुपारपर्यंत रुद्रेश हरवलेला होता. उद्या दुपारनंतर तो मेलेला असणार होता. सगळे मिळून तसं ठरवणार, आणि एकदा ठरलं की पुढे कोणी शोधत नाही.

घरी आली तर जनेलाच्या फळीवर झाकण नव्हतं. नुसतं एक गोल पांढरं वळं, मिठाचं.

तिने मावशीला विचारलं. मावशीने हात नव्हता लावला. सगुणला तर उठताही येत नव्हतं. मांजर असेल, सेजल म्हणाली. घरात मांजर नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी धुकं आणखी दाट. रामदाने कुकारा घातला तो सुद्धा कापसातून आल्यासारखा.

सेजलने ठरवलं होतं की आपण पुढे बघायचंच नाही. फक्त स्वतःच्या हातांकडे बघायचं. हात सोलवटले होते, बघण्यासारखं बरंच होतं. पण रांग सरकत गेली, पाळ्या येत गेल्या आणि ती पुन्हा पाण्याशी आली. काथ्याचा दोर पुढे धुक्यात जात होता, आणि त्याला पुढून ठेका मिळत होता. ओढ, थांब. ओढ, थांब. जुन्या सरावाच्या माणसाचा ठेका. मागचे सगळे नकळत त्याच ठेक्यात ओढत होते.

तिने मान वर केली.

पांढरा शर्ट. अंगाला चिकटलेला. खांद्यावर काहीतरी काळपट पट्टीसारखं. मानेवर ओले केस, पांढरे. आणि एक गोष्ट, जी तिच्या डोक्यात आधी शिरेचना. लाट आली, ती त्या माणसापर्यंत गेली, आणि फुटली नाही. खांब असो, माणूस असो, लाट त्याच्याभोवती फेस करते. ही लाट जशी होती तशी किनाऱ्याला आली.

"केरबा," ती हळूच म्हणाली. "माझ्या पुढं कोण आहे?"

केरबाचा आवाज मागून आला, खूप जपून. "ताई, बघू नगा. कालबी हुता त्यो."

"काल सांगितलं का नाहीस?"

"सांगून? आदीच चोर ठरलोया. येडा बी ठरू काय?"

दोर सरकला. जिथे त्या माणसाने धरलं होतं तो भाग तिच्या हातात आला. इतका थंड की तिचे सोलवटलेले तळवे चटकले. ओल्या दोराचा गारवा निराळा असतो, तिला आता तो ठाऊक होता. हा तसा नव्हता. तिने हात सोडला नाही. का सोडला नाही, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. दोर सोडला तर आपण काहीतरी कायमचं सोडू असं वाटलं, एवढंच.

जाळं आलं. त्या दिवशी रामदाने कालचा घोटाळा नको म्हणून ओढणं चालू असतानाच दोन्ही दोरांवरची माणसं बोटाने मोजली होती, आणि तेवढेच ढीग मांडले. सेजल रोवळी घेऊन निघाली. तिने मुद्दाम प्रत्येक खूण नीट बघून मगच ढिगावर ठेवली. शेवटच्या ढिगाशी आली. रोवळीत एकच वस्तू. लाल रिबीन पाण्याने गडद झालेली.

तिने ते झाकण शेवटच्या ढिगावर ठेवलं. बरोब्बर बसलं. खूण उरली नाही, ढीग उरला नाही.

एकेकाने आपला वाटा उचलला. झाकणाचा ढीग तसाच पडून राहिला. रामदा त्याच्याकडे बघत उभा, हाताचं बोट अजून मोजायच्या पवित्र्यात. चिडला नव्हता, म्हणून मराठीत बोलला. "मी मोजलंय," तो म्हणाला. "ह्या बोटानं. उत्तरेच्या दोरावर एक जास्त होता, मी त्याला पण मोजलं."

५

सेजल वाळूत बसली. तिला रडू येत नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं की खूण रुद्रेशची, म्हणजे रुद्रेशच थंड पाण्यात उभा आहे, आणि आपण दोन दिवस त्याच्या पाठीला घाबरतोय. सख्ख्या भावाच्या पाठीला.

गंगामावशी तिच्याजवळ येऊन उकिडवी बसली. हातात सगुणची चुन्याची डबी. तिने विचारलं, कसो दिसलो? सेजलने सांगितलं. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, पांढरे केस.

"तुजो भाव केदो गो?"

एकवीस वर्षांचा, सेजल म्हणाली. कुरळे केस. निघाला तेव्हा लाल बनियन होतं अंगात.

मावशी बराच वेळ डबी या हातातून त्या हातात करत राहिली. मग तिने जे सांगितलं ते अगदी सावकाश, सेजलला प्रत्येक शब्द कळेल असं.

"मगीर तो तुजो भाव न्हय, बाय. तो तो विमानाचो म्हातारो. आनी खूण कोणाची घाली? तुज्या भावाची. आता माका सांग, हांव ही डबी कित्याक घालतां?"

"सगुणकाका आजारी आहेत म्हणून."

"आजारी आसा. घरा आसा. उठूंक शकना." मावशीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मेल्ल्याच्या नांवान कोण दोर धरिना, बाय. मेल्ल्याक वांटो ना. म्हाताऱ्याक हें खबर आसा, तुवेंच सांगिल्लें, तो रापणकाराच्या घरचो."

सेजलला हे कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एक लाट येऊन गेली. ती ताडकन उठली. तिने रामदाला गाठलं. ती काय बोलली, कशी बोलली, ते वास्कोचं होतं की पेडण्याचं, कुणास ठाऊक, पण मतलब एवढाच होता की माझा भाऊ कुठेतरी पडून आहे, जिवंत आहे, आणि त्याचा वाटा इथे आहे.

रामदा भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हता. तसं त्याने दोनदा बजावूनही सांगितलं. बोटी मोरजीपर्यंत फिरून गेल्यात, पाणी दक्षिणेला नेतं, उत्तरेला शोधणं म्हणजे वेड. पण बोलता बोलता त्याची नजर पुन्हा त्या ढिगाकडे गेली. माशांवर माश्या बसायला लागल्या होत्या. त्याने आजवर कुणाचा वाटा वाळूत कुजू दिला नव्हता.

"घराच्या बाजूचो दोर," तो स्वतःशीच पुटपुटला, कोंकणीत. "उत्तरेचो धरलो तर घर उत्तरेक." आणि मग पोरांकडे वळून, नेहमीच्या वैतागाने, "बघता कितें? होडी काडा. वांटो घरा पावोवंक जाय."

कुणी म्हटलं नाही की आपण माणूस शोधायला चाललोय. आजारी माणसाचा वाटा घरपोच करायला चालले होते. ती रीतच होती.

६

होडीत रामदा, दोन वल्हेकरी, सेजल, आणि न विचारता चढून बसलेला केरबा. आज कामावर खाडा, मुकादम बोंबलू दे म्हणाला. वाट्याची टोपली सेजलच्या मांडीवर.

डोंगराच्या टोकाशी धुकं असं होतं की वल्ह्याचं पातं दिसत नव्हतं. खडपावर लाट आपटायची, आवाज एकीकडून यायचा, दगड दुसरीकडे असायचा. रामदा वाकून पाण्याचा रंग बघत होता. मधेच त्याने हात वर केला. वल्ही थांबली.

लाटेच्या आवाजाखाली आणखी काहीतरी होतं. टप्. थांबून, टप्. सेजलने हा आवाज मावशीच्या घरात ऐकला होता, भर दुपारी, कोरड्या कौलांखाली.

"गोड्या पाण्याची झर," रामदा म्हणाला. "हांगा वयर खंयतरी गळता. माझो बापूय सांगतालो." पण कुठे, ते त्याला सांगता येईना. खडपात पन्नास भेगा.

आणि तेव्हा धुकं थोडं विरळ झालं, पडदा कोणी बोटाने बाजूला करावा एवढंच.

तो उभा होता. दोन खडपांच्या मधे, कमरेएवढ्या पाण्यात, पाठमोरा. दोर नव्हता. पण हात ओढत होते, ओढ, थांब, ओढ, थांब, त्या मधल्या काळ्या भेगेच्या दिशेने. जणू होडीच त्याने धरली होती आणि तो ती आत घेत होता. आणि खरंच, वल्ही थांबलेली असताना होडी आत सरकत होती. प्रवाह दक्षिणेकडे, वारा दक्षिणेकडे, आणि होडी उत्तरेला.

केरबाने डोळे मिटून घेतले. सेजलने मिटले नाहीत. होडी त्याच्या अगदी जवळून गेली, हात लांबवला असता तर खांद्यावरची पट्टी लागली असती. तिला कळत होतं की आता मान वळवली तर चेहरा दिसेल. तिने मान वळवली नाही. तिने टोपली दोन्ही हातांनी पुढे धरली, भेगेकडे, म्हणजे त्याला दिसावं की वाटा आणलाय.

धुकं मिटलं. होडीची नाळ, तिचं पुढलं टोक, वाळूवर टेकली. भेगेच्या आत हातभर वाळू होती, वर एक सपाट दगड, त्यावर लाल काहीतरी.

"सेजू?" आतून आवाज आला. बारीक, चिरका, अगदी रुद्रेशचा. "टोपलीत काय आहे? कच्चे आणलेस की काय?"

७

उजवा पाय गुडघ्याखाली मोडलेला. ओठ फुटलेले. पण झऱ्याचं पाणी तोंडाशी टपटपत होतं आणि भरतीची रेघ दगडाच्या खाली होती. केरबाने त्याला पाठुंगळी घेतलं, बंगल्यावर सिमेंटची पोती वाहतो तसं, आणि सगळ्या वाटेत सांगत राहिला की बाळा, पोत्यापरीस तू हलका हैस, पोतं निदान गप तरी बसतंय.

रुद्रेश गप्प बसतच नव्हता. कॅप्टनना हाक मारा म्हणत होता. आता इथेच होते. पडल्यावर कॅप्टननीच त्याला ओढून वर आणलं. दररोज सकाळी खायला आणतो म्हणून पाण्यातून चालत जायचे. पहिले काही दिवस रिकाम्या हाताने आले, म्हणाले, रापण बंद आहे. मग त्यांनी तुझं काही दे म्हणून झाकण मागून घेतलं. काल परत आले ते हिरमुसून. म्हणाले, खूण टाकली, पण ढीग कमी मांडले होते. उद्या मोजतील.

होडीत रामदा आपल्या बोटाकडे बघत होता.

बाबा दुपारी आले. कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून, दर्भाची पुरचुंडी पिशवीत. मावशीच्या ओसरीवर रुद्रेश पायाला फळ्या बांधून पडला होता, पावाचा तुकडा चहात बुडवत, आणि पाव फार ओला झाला म्हणून कुरकुरत होता. बाबा उंबऱ्यातच बसले. मग पिशवीतली पुरचुंडी त्यांनी मावशीच्या चुलीत घातली, आणि मावशीने काही न विचारता वर दोन चुडतं टाकली.

विमान आठवड्याने मिळालं, डोंगराच्या टोकापासून बरंच आत, खोल पाण्यात. पाणबुड्यांनी सांगितलं, कॅप्टन आपल्या जागेवर होते, पट्टा बांधलेला. पट्टा उघडलेलाच नव्हता. रुद्रेशला हे कुणी लगेच सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तो म्हणाला, त्यांचा शर्ट कायम ओला असायचा, मला वाटलं वाळत कसा नाही. एवढंच. पुन्हा त्या गोष्टीवर त्याने कुणाशी वाद घातला नाही, आणि घालावा असं कुणाला वाटलंही नाही.

८

पुढच्या वर्षी रापण सुरू झाली तेव्हा दोघं बहीणभाऊ आले. रुद्रेश थोडा लंगडत होता. सगुण बरा होऊन दक्षिणेच्या दोरावर होता आणि बायकोने तुझे वाटे ओढले हे दिवसातून तीनदा ऐकून घेत होता. केरबाचं बांधकाम कधीच संपलं होतं, पण तो दुसरं शोधून इथेच राहिला होता. रामदाने त्या तिघांना विचारलंही नाही. उत्तरेला बोट दाखवलं.

धुकं होतं. सेजल रांगेत उभी राहिली, ओढत वर गेली, दोर सोडला, खाली आली. पहिल्या फेरीला तिने पुढे बघितलं नाही. दुसऱ्यालाही नाही. पाण्याशी आपल्यापुढे कोणी नाही हे तिला न बघताच कळत होतं, आणि त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. वाईट वाटावं? बरं वाटावं? मागून केरबा म्हणाला, ताई, पाय.

तिने पाय रुतवले. आणि मग, कशाने कोण जाणे, ती रांग सोडून पुढे सरकली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. तो उभा राहायचा तिथे. एक लाट आली, तिच्याभोवती फेस करून फुटली, तिला अर्धी भिजवून गेली. मागे रामदाने कोंकणीतून विचारलं की शाणी खंय चालली. तिने हात लांब करून पुढचा दोर धरला, ओला, काथ्याचा, पहाटेपासून पाण्यात असलेला.

दोर उबदार होता. पाळी संपलेल्या माणसाने नुकताच दुसऱ्याच्या हातात द्यावा, तसा.

तिने ठेका घेतला. ओढ, थांब. ओढ, थांब. मागचे सगळे तिच्या ठेक्यात ओढायला लागले.